'हेअरस्प्रे'चा गोड शेवट आणि बाल्टिमोरचे बंद दार

अमेरिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर बसमधली जागा, शाळेचे दार आणि मतपेटी उभी राहते. रोझा पार्क्स, लिटल रॉकची शाळा, सेल्माचा पूल ही नावे चळवळीतल्या कार्यकर्त्याला पाठ असतात. परंतु याच लढ्याची एक आघाडी करमणुकीच्या ठिकाणी लढली गेली. पाळण्यात कोण बसणार, नाटकाच्या खुर्चीवर कोण बसणार आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे कोण नाचणार, यासाठीही माणसांनी तुरुंग पाहिला. या आघाडीची गोष्ट हसत-नाचत सांगणारे एक संगीत नाटक आहे. त्याचे नाव 'हेअरस्प्रे'. केसांवर मारायच्या फवाऱ्याचे नाव असलेल्या नाटकाची दखल आंबेडकरी वाचकाने का घ्यावी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. दखल घ्यावी अशी कारणे त्यात आहेत, आणि सावध राहावे अशीही एक गोष्ट त्यात आहे.

आधी नाटकाची हकिगत पाहू. जॉन वॉटर्स या बाल्टिमोरच्या दिग्दर्शकाने १९८८ साली 'हेअरस्प्रे' हा चित्रपट काढला. तो लोकप्रिय झाला आणि त्यावरून संगीत नाटक बेतले गेले. मार्क ओडोनेल आणि थॉमस मीहन यांनी संहिता लिहिली, संगीत मार्क शायमन यांचे आणि गीते स्कॉट विटमन व शायमन यांची. १५ ऑगस्ट २००२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, नील सायमन थिएटरात ते सुरू झाले. २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह आठ टोनी पुरस्कार त्याला मिळाले. ४ जानेवारी २००९ रोजी पडदा पडेपर्यंत त्याचे २,६४२ प्रयोग झाले होते. मधल्या काळात २००७ मध्ये ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी नाटकावरून पुन्हा चित्रपट निघाला. शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचांवर ते आजही होत असते.

गोष्ट १९६२ सालच्या बाल्टिमोर शहरातली आहे. ट्रेसी टर्नब्लॅड ही गोरी, गरीब घरातली, जाडजूड शाळकरी मुलगी. वडिलांचे गमतीच्या वस्तूंचे दुकान, आई घरी लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करणारी. शहरात टीव्हीवर रोज 'कॉर्नी कॉलिन्स शो' नावाचा नाचाचा कार्यक्रम लागतो आणि त्यात नाचायचे हे ट्रेसीचे स्वप्न. शाळेत शिक्षा म्हणून तिला ज्या वर्गात बसवतात तिथे सीवीड हा काळा मुलगा भेटतो. त्याच्याकडून ती नाच शिकते आणि त्याच नाचाच्या जोरावर कार्यक्रमात शिरते. पण सीवीड स्वतः तिथे नाचू शकत नाही. काळ्या मुलांसाठी महिन्यातला एकच दिवस राखून ठेवलेला, त्याचे नाव 'निग्रो डे'. सीवीडची आई मोटरमाउथ मेबेल तो दिवस सांभाळते. रोज सगळ्यांनी एकत्र का नाचू नये, असा ट्रेसीचा सरळ प्रश्न असतो. त्यातून मोर्चा निघतो, अटक होते, तुरुंगातून पळणे होते आणि शेवटी चालू प्रक्षेपणात काळे-गोरे सगळे एकत्र नाचतात. निर्माती व्हेल्मा हिचा गर्व उतरतो. प्रेक्षक टाळ्या वाजवत घरी जातात.

ट्रेसीच्या आईचे, एड्नाचे काम पुरुषाने करायचे ही मूळ चित्रपटापासूनची प्रथा आहे. तिथे डिव्हाइन, ब्रॉडवेवर हार्वे फायरस्टीन आणि २००७ च्या चित्रपटात जॉन ट्रॅव्होल्टा यांनी ती भूमिका केली. बालगंधर्वांच्या आणि तमाशातल्या नाच्या पोऱ्याच्या प्रदेशातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

अत्याचाराच्या विषयावर हसावे का, असे काही गंभीर मंडळी विचारतील. आपल्या चळवळीने या प्रश्नाचे उत्तर कधीच दिले आहे. सत्यशोधक जलसे आणि भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे यांनी भटशाहीची टर उडवतच खेड्यापाड्यांत विचार पोचवला. ज्या गोष्टीला लोक भितात तिच्यावर हसायला शिकवणे हे प्रबोधनच आहे. 'हेअरस्प्रे'चा सगळ्यात मोठा विनोद 'महिन्यातून एक दिवस' हा आहे. स्टुडिओ तोच, फरशी तीच, कॅमेरा तोच, गाणी तर बहुतेक काळ्या कलावंतांच्या संगीतातून आलेली. तरी ते संगीत ज्यांचे, त्यांच्या मुलांना महिन्यातला एक दिवस, आणि उरलेले दिवस ते नाच उचलणाऱ्या गोऱ्या मुलांचे! कला चालते, कलावंताची सावली चालत नाही. ढोलकी आणि हलगी चालते, वाजवणाऱ्याला मात्र ओसरीच्या खाली बसवायचे, हे पाहिलेल्या समाजाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

हा प्रकार एकट्या बाल्टिमोरचा नव्हता. फिलाडेल्फियाहून देशभर दाखवल्या जाणाऱ्या 'अमेरिकन बँडस्टँड' या कार्यक्रमाचे सूत्रधार डिक क्लार्क आपण पन्नासच्या दशकातच भेदभाव मोडल्याचे सांगत असत. मॅथ्यू डेलमाँट या इतिहासकाराने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुनी कागदपत्रे आणि लोकांच्या आठवणी तपासून दाखवले की, तो कार्यक्रम फिलाडेल्फियात असताना काळ्या मुलांना वेगवेगळ्या युक्त्यांनी बाहेरच ठेवले जात होते. म्हणजे भेदभाव केला तो केला, आणि वर तो मोडल्याचे श्रेयही घेतले!

आता खरी हकिगत ऐका, कारण माझा मुद्दा तिथे आहे.

नाटकातला 'कॉर्नी कॉलिन्स शो' हा 'बडी डीन शो' या खऱ्या कार्यक्रमावर बेतला आहे. बाल्टिमोरच्या डब्ल्यूजेझेड या वाहिनीवर तो १९५७ पासून लागत असे. जॉन वॉटर्स लहानपणी तो पाहायचे आणि १९८५ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला होता. त्या कार्यक्रमातही काळ्या मुलांसाठी वेगळा दिवस होता. १९६३ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोर पेटले होते. शहराबाहेरच्या ग्विन ओक या करमणूक उद्यानात काळ्यांना मज्जाव होता. त्याविरुद्ध ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मोठा मोर्चा गेला आणि त्यात काळ्या-गोऱ्या धर्मगुरूंसह शेकडो लोकांनी अटक करून घेतली. अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी ते उद्यान सर्वांना खुले झाले. त्याच दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचे जगप्रसिद्ध भाषण झाले. वॉटर्स यांच्या चित्रपटात अशाच एका उद्यानावरच्या निदर्शनाचा प्रसंग आहे. नाटकात तो गळला.

या दोन तारखांच्या मध्ये, १२ ऑगस्ट १९६३ रोजी, 'सिव्हिक इंटरेस्ट ग्रुप' या विद्यार्थ्यांच्या संघटनेने 'बडी डीन शो'वर धडक दिली. मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या महाविद्यालयातून उभी राहिलेली ही संघटना. तिने काळ्या मुलांसाठी राखलेल्या दिवसाची तिकिटे काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही मुलांसाठी मिळवली. सगळे मिळून आत गेले आणि चालू प्रक्षेपणात एकत्र नाचले. शहराने ते घरोघर पाहिले. पुढे काय झाले? वाहिनीला बॉम्बच्या आणि जाळपोळीच्या धमक्या आल्या, शिवीगाळीची पत्रे आली, गोऱ्या पालकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. कार्यक्रम सर्वांसाठी खुला करायचा की नाही हा प्रश्न वाहिनीपुढे उभा राहिला. वाहिनीने तिसराच मार्ग काढला. जानेवारी १९६४ मध्ये 'बडी डीन शो' कायमचा बंद झाला.

नाटकात ट्रेसी जिंकते आणि सगळे नाचतात. बाल्टिमोरमध्ये काळी मुले नाचली म्हणून नाचच बंद झाला. हा शेवट गोड आपण केला, प्रत्यक्षात तसे घडले नव्हते, हे वॉटर्स यांनी स्वतः सांगितले आहे. विनोदी नाटकाला गोड शेवट हवाच, त्याबद्दल लेखकाशी भांडण नाही. पण ज्या क्षणी नाटक टाळ्या घेते, नेमक्या त्याच क्षणी इतिहासात विषमतेने आपला सर्वात जुना डाव टाकला होता. 'तुम्हाला देण्यापेक्षा आम्ही ते बंदच करू', हा तो डाव. हक्कासाठी लढणाऱ्या प्रत्येक समाजाला हा डाव ओळखता आला पाहिजे, आणि नाटक तोच दाखवत नाही.

कायद्याच्या अभ्यासकाला या डावाची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने न्यायालयाचा आदेश पाळून काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवण्याऐवजी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलपे लावली. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा उभ्या राहिल्या आणि काळी मुले रस्त्यावर आली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले, तोवर एका पिढीची पाच वर्षे गेली होती. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर सार्वजनिक पोहण्याचे तलावच बंद केले. त्याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तलाव सर्वांनाच बंद आहे, मग भेदभाव कुठे झाला, असा तो युक्तिवाद. कागदावर बिनतोड, पण तलाव कोण पाण्यात उतरेल या भीतीने बंद झाला, हे शाळकरी पोरालाही कळेल.

तलाव म्हटल्यावर आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी प्रत्यक्ष प्राशन केले. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात येताच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. पुढे सनातन्यांनी तळे खाजगी असल्याचा दावा ठोकला आणि त्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले. ठराव असेपर्यंत सर्वांना गोड वाटत होता. ओंजळ पाण्याला लागली तेव्हा तो मागे घेतला गेला. 'बडी डीन शो'ची गोष्ट याहून वेगळी नाही.

इथे बाबासाहेबांच्या द्रष्टेपणाची एक बाजू वाचकांपुढे ठेवली पाहिजे, कारण तिचा थेट संबंध अमेरिकेतल्या नाट्यगृहाशी आहे. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १ मार्च १८७५ रोजी एक नागरी हक्क कायदा केला. खाणावळी, वाहने, नाट्यगृहे आणि करमणुकीची इतर ठिकाणे यांत वर्णावरून मज्जाव करणे त्याने गुन्हा ठरवले. १८७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड ऑपेरा हाउसच्या दारावर तिकीट हातात असलेल्या एका काळ्या प्रेक्षकाला अडवले गेले आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८८३ मध्ये न्यायालयाने तो खटला आणि त्यासारखे इतर खटले एकत्र ऐकून कायद्याचा गाभाच रद्द केला. घटनेची चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी मालकाला नाही, असे कारण दिले. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. अमेरिकेने आपला हा कायदा असा मातीत घातला.

त्या मातीतून तो बाबासाहेबांनी उचलला. पहिल्या गोलमेज परिषदेपुढे रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी रस्ते, विहिरी, तळी, शाळा यांच्याबरोबर नाट्यगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांतला मज्जाव गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्यासाठी आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांचा उल्लेख केला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ही मागणी पुन्हा आली. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे हे शब्द आले, आणि ती बंदी खाजगी मालकालाही लागू झाली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, तिला शिक्षेची जोड दिली. अमेरिकेने आपल्या नाट्यगृहांना आणि चित्रपटगृहांना लागू होणारा तसा कायदा पुन्हा केला तो १९६४ मध्ये. 'बडी डीन शो' बंद पडला त्याच वर्षी!

म्हणजे ज्या माणसाला नोकरीच्या काळात बडोद्यातही राहायला जागा मिळत नव्हती, त्याने नाटकाच्या खुर्चीचाही विचार केला होता. भाकरी, शिक्षण आणि सत्ता यांच्या लढाईत करमणुकीचा हक्क ही चैन आहे, असे बाबासाहेबांनी मानले नाही. माणूस कुठे हसतो, कुणाशेजारी बसून गाणे ऐकतो, कुणाच्या हातात हात घालून नाचतो, यावर त्याचे नागरिकत्व ठरते. गावच्या जत्रेत, वरातीत, गरब्याच्या मंडपात आजही आपल्या तरुणांवर हात उचलला जातो तो याच कारणाने. वरातीतला घोडा कुणाचे पोट भरत नाही, तरीही त्यासाठी डोकी फोडली जातात.

टीव्हीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. नाट्यगृहाला दार असते, तिथे तिकीट घेऊन उभे राहता येते. वाहिनीच्या दारात सामान्य प्रेक्षकाने कोणत्या हक्काने उभे राहायचे? याचे उत्तरही त्याच काळात मिळाले. जॅक्सन शहरातली डब्ल्यूएलबीटी ही वाहिनी काळ्यांच्या बातम्या दाबत असे. तिच्या परवान्याच्या नूतनीकरणाला तिथल्या प्रेक्षकांच्या वतीने आव्हान दिले गेले. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने, परवान्याच्या सुनावणीत प्रेक्षकांनाही बाजू मांडण्याचा अधिकार आहे असे सांगितले, आणि १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने परवाना मिळण्याचा निर्णयच रद्द केला. हवेतल्या लहरी जनतेच्या आहेत, वाहिनी ही मालकाची देवघराची खोली नव्हे, हा धडा आपल्याकडच्या माध्यमांनाही लागू आहे.

आता नाटकाच्या दुसऱ्या उणिवेकडे वळू. काळ्यांच्या हक्काच्या लढ्याची नायिका गोरी का? बाल्टिमोरची खरी चढाई काळ्या विद्यार्थ्यांनी उभी केलेल्या संघटनेने केली, गोरी मुले तिच्यात सामील झाली. नाटकात हा क्रम उलटा झाला. ट्रेसीच्या मनात प्रश्न येतो, मग मोर्चा निघतो. उद्धारकर्ता बाहेरून यावा लागतो, ही प्रस्थापितांची आवडती कथा आहे आणि आपण ती हरिजनोद्धाराच्या नावाने पुरेशी ऐकली आहे.

असे असले तरी नाटककारांना या दोषाची जाणीव होती, हे मान्य केले पाहिजे. उत्तरार्धात मोटरमाउथ मेबेलला एक गंभीर गाणे आहे. आपल्या लोकांची वाट कुठून आली आणि कुठे जायची हे ती त्यात सांगते. संगीतकार शायमन यांनीच सांगून ठेवले आहे की, नाटकाशी संबंधित जवळजवळ सगळ्यांनी या गाण्याला विरोध केला होता. ते फार दुःखी आहे, उपदेश करणारे आहे, अशा ठिकाणचे मोठे गाणे नायिका ट्रेसीनेच म्हणावे, असा आग्रह झाला. लेखकांनी ऐकले नाही. काळी पात्रे मागच्या रांगेत उभी करून नागरी हक्कांचे आणखी एक नाटक त्यांना करायचे नव्हते. विनोदाच्या मधोमध ते गाणे येते तेव्हा, न थांबता हसणाऱ्या नाटकाला थोडा वेळ थांबावे लागते. २००७ च्या चित्रपटात आणखी एक बदल झाला. नाटकात सौंदर्यस्पर्धेचा मुकुट ट्रेसीच्या डोक्यावर जातो. चित्रपटात तो सीवीडची धाकटी बहीण इनेझ हिला मिळतो. नाटकाच्या सुरुवातीला याच पोरीला रंगावरून दारातूनच परत पाठवलेले असते.

भूमिका कुणी करायच्या हा वादही बराच काळ चालला. ज्या शाळांत काळी मुले नाहीत त्यांनाही नाटक करता यावे म्हणून पूर्वी कोणत्याही वर्णाच्या मुलांना कोणतीही भूमिका देण्याची मोकळीक होती. त्यामुळे वर्णभेदाविरुद्धचे नाटक संपूर्ण गोऱ्या संचात होऊ लागले! २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका ढवळून निघाली, तेव्हा लेखकांनी आणि परवाना देणाऱ्या संस्थेने नियम बदलला. पात्रे जशी लिहिली आहेत तसेच कलावंत घ्यावेत, अशी अट आली. आपल्या रंगभूमीवर आणि पडद्यावर दलित पात्रे कोण रंगवतो, कोण लिहितो आणि मानधन कुणाच्या खिशात जाते, हे प्रश्न विचारणाऱ्यांना जातीयवादी ठरवले जाते. अमेरिकेतल्या व्यावसायिक रंगभूमीने मात्र उशिरा का होईना, परवान्याच्या अटीत ते उत्तर लिहून दिले.

तेव्हा 'हेअरस्प्रे' पाहायला मिळाले तर अवश्य पाहा. मुलांना दाखवा, पोटभर हसा. समता ही रडक्या चेहऱ्यानेच मागायची गोष्ट आहे असे मुळीच नाही. पण पडदा पडल्यावर मुलांना शेजारी बसवून उरलेली गोष्टही सांगा. खऱ्या बाल्टिमोरमध्ये ती मुले नाचली, म्हणून कार्यक्रम बंद झाला हे सांगा. दार उघडले जाते तेव्हा आतले लोक आधी ते कायमचे बंद करायचा विचार करतात, मग ते तळे असो, शाळा असो की नाचाची फरशी असो, हे सांगा. आज सरकारी शाळा बंद होतात, सरकारी नोकऱ्या कंत्राटात जातात आणि सार्वजनिक ते खाजगी होते, तेव्हा ते आपण आत पोचल्यानंतरच का होते, हा प्रश्न मुलांना स्वतःच पडेल.

अनुच्छेद १५ चा दुसरा खंड प्रत्येक घरात एकदा मोठ्याने वाचला गेला पाहिजे. आणि आपल्या तरुण कलावंतांनो, 'महिन्यातून एक दिवस' या एका विनोदावर अमेरिकेत अडीच हजारांवर प्रयोग झाले. आपल्याकडे तर असे विनोद गावोगाव पडले आहेत. जलशाचा वारसा तुमच्याकडे आहे. ते रंगमंचावर आणा, आणि शेवट गोड करायचा असेल तर खुशाल करा, फक्त दार कुणी बंद केले ते सांगायला विसरू नका.

जयभीम!